विश्लेषण : प्रत्येक शाळेत समुपदेशक… पण तो घडणार कुठे?

शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले आहे. पद आदेशाने निर्माण होते. मात्र त्या पदावरील व्यक्ती, तिच्या हातातील चाचण्या आणि तिचे ज्ञान विद्यापीठांतील पदव्युत्तर शिक्षणातून आणि संशोधनातूनच येते. शालेय मानसशास्त्राची ही बाजू आपल्याकडे कायम दुर्लक्षित राहिली आहे. तिचे काय झाले आणि मराठी शाळेतील मुलाला त्याची झळ कशी बसते, याचा आढावा.

सर्वोच्च न्यायालयाचा आदेश काय आहे?

विशाखापट्टणम येथे ‘नीट’ची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या विद्यार्थिनीचा २०२३ मध्ये मृत्यू झाला. त्या प्रकरणात न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने २५ जुलै २०२५ रोजी निकाल दिला. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवतानाच खंडपीठाने देशातील सर्व शाळा, महाविद्यालये, विद्यापीठे, शिकवणी वर्ग आणि वसतिगृहांसाठी १५ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. संसद किंवा विधिमंडळे कायदा करेपर्यंत ती बंधनकारक आहेत.

शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे बाल व किशोरवयीन मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेली किमान एक व्यक्ती हवी, ही त्यातील सर्वात ठोस अट. पटसंख्या कमी असल्यास बाहेरील तज्ज्ञांशी औपचारिक जोडणी करायची आहे. शिक्षक व कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे, गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत, ‘टेलि-मानस’सारख्या मदतवाहिन्यांचे क्रमांक दर्शनी भागात लावावेत, असेही निकालात आहे.

या निकालामागची आकडेवारी गंभीर आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यनिहाय यादीत महाराष्ट्र पहिला होता. त्याच वर्षी एनसीईआरटीने सुमारे ३ लाख ८० हजार शालेय विद्यार्थ्यांचे सर्वेक्षण प्रसिद्ध केले. त्यात ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांमुळे चिंता वाटत असल्याचे सांगितले होते.

मनुष्यबळाचे गणित कसे आहे?

‘यूडायस’च्या नोंदींनुसार देशात सुमारे १४ लाख ७० हजार शाळा असून त्यांत २४ कोटींहून अधिक मुले शिकतात. दर ५०० मुलांमागे एक मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक धरला, तरी सुमारे पाच लाख प्रशिक्षित माणसे लागतील. एवढे मनुष्यबळ एखाद्या भरती मोहिमेतून मिळणार नाही. ते तयार करणारे विभाग, प्राध्यापक, प्रात्यक्षिकासाठी दारे उघडणाऱ्या शाळा आणि विद्यार्थ्यांच्या कामावर देखरेख करणारे अनुभवी तज्ज्ञ आधी हवेत. अडचणीची सुरुवात तिथूनच होते.

शालेय मानसशास्त्रज्ञ समुपदेशकापेक्षा वेगळा कसा?

दोघांचे काम काही ठिकाणी एकमेकांत मिसळते. समुपदेशक प्रामुख्याने संवादातून मदत करतो. परीक्षेचा ताण, घरातील तणाव, मित्रांशी बिनसणे, करिअरची निवड हे त्याचे विषय. शालेय मानसशास्त्रज्ञाकडे आणखी एक काम असते, ते म्हणजे मापन आणि निदान. सहावीतले मूल अजून अडखळत का वाचते? नजर अधू आहे, शिकवण्यात कमतरता आहे, घरची भाषा वेगळी आहे, अध्ययन अक्षमता आहे की मन कशाने तरी पोखरले आहे, हे त्याला शोधावे लागते. त्यासाठी चाचण्या घ्याव्या लागतात, वर्गात बसून निरीक्षण करावे लागते, शिक्षक आणि पालकांशी बोलावे लागते. पुढे त्या मुलाला नेमके काय द्यायचे याचा आराखडा करायचा आणि त्याचा उपयोग झाला की नाही हेही तपासायचे असते. हे शेवटचे काम मुळात संशोधनाचे आहे. म्हणूनच इतर देशांत या व्यवसायाचे शिक्षण पदव्युत्तर पातळीवर दिले जाते आणि संशोधन त्याचा भाग असतो.

भारतात हे शिक्षण कुठे मिळते?

शैक्षणिक मानसशास्त्र आपल्याकडे बी.एड. आणि एम.एड.च्या अभ्यासक्रमात पूर्वापार आहे. मानसशास्त्राच्या एम.ए.मध्ये समुपदेशन किंवा चिकित्सा मानसशास्त्राचा विशेष अभ्यास करता येतो. एनसीईआरटी मार्गदर्शन व समुपदेशनाचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम चालवते. पुण्यात डॉ. वि. वि. ऊर्फ अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये स्थापन केलेल्या ज्ञानप्रबोधिनीने बुद्धिमान मुलांचा शोध आणि मापन यांवर स्वतंत्र संशोधन विभाग उभारला.

असे तुकडे बरेच आहेत, सलग वाट मात्र नाही. शिक्षणशास्त्र विभागाला शाळा माहीत असते, पण निदानाचे प्रशिक्षण तिथे मिळत नाही. चिकित्सा मानसशास्त्राचा विद्यार्थी निदान शिकतो, पण रुग्णालयात. त्याचा शाळेच्या वर्गाशी संबंध क्वचित येतो. ‘शालेय मानसशास्त्र’ नावाने दोन-तीन वर्षे शिक्षण, शाळेत देखरेखीखाली काम आणि शेवटी व्यवसाय परवाना, अशी रचना देशात रुजलेली नाही.

नियमन कोणाचे?

भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्याखाली चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ यांची नोंदणी होते. शालेय मानसशास्त्रज्ञ ही वर्गवारी तिथे नाही. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिक आयोग कायद्याने चिकित्सा मानसशास्त्रज्ञ वगळता इतर मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांना प्रथमच वैधानिक चौकटीत घेतले. या चौकटीची घडी अजून बसायची आहे.

दरम्यान शिक्षणाची शिडीही बदलली. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ च्या नियमांद्वारे एम.फिल. बंद केले. चिकित्सा मानसशास्त्रात मात्र व्यवसायाचा परवाना याच पदवीवर मिळत असल्याने तिला २०२५-२६ पर्यंत सूट द्यावी लागली. पुढे २०२५ मध्ये आयोगाने मानसशास्त्राचे नवे प्रवेश दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने देण्यास मनाई केली. प्रत्यक्ष माणसांसोबत काम केल्याशिवाय हा विषय शिकता येत नाही, हे त्यामागचे कारण योग्यच आहे. पण नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने मानसशास्त्रात एम.ए. करणाऱ्या शिक्षकांची वाट त्यामुळे बंद झाली. जिल्ह्याच्या ठिकाणी नियमित पदव्युत्तर विभाग नसेल, तर तालुक्यातील शिक्षिकेने हा विषय शिकायचा कुठे, या प्रश्नाला उत्तर मिळालेले नाही.

विद्यापीठातील संशोधनाचा शाळेतील मुलाशी संबंध काय?

बुद्धिमत्ता चाचणीचे उदाहरण घेऊ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात फ्रान्समधील बिने यांच्या चाचणीचे रूपांतर कन्नड आणि मराठी भाषक मुलांसाठी केले. त्यांचे काम १९३४ मध्ये ब्रिटिश संशोधनपत्रिकेत आले आणि १९४० मध्ये त्यावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. हीच ‘बिने-कामत’ चाचणी. पुढे १९६९ मध्ये नागपुरात काम करणाऱ्या मालिन यांनी वेक्स्लर यांच्या मुलांसाठीच्या चाचणीचे भारतीय रूप तयार केले. या दोन्ही चाचण्या त्या काळाच्या मानाने मोठ्या झेपेच्या होत्या आणि महाराष्ट्राशी त्यांचे जवळचे नाते आहे. खरी अडचण अशी, की दोन्ही आजही वापरात आहेत.

चाचणीत मुलाचे गुण एकटे पाहून काही कळत नाही. त्याच वयाची इतर मुले सरासरी किती गुण मिळवतात याच्याशी ते ताडून पाहावे लागतात. या सरासरीला प्रमाणके म्हणतात आणि ती जुनी होतात. अनेक देशांत पिढीगणिक बुद्धिमत्ता चाचण्यांतील सरासरी गुण वाढत गेल्याचे जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवले. अमेरिकेत ही वाढ दशकाला साधारण तीन गुणांची होती. त्यामुळे जुन्या प्रमाणकांवर मोजले तर बुद्ध्यांक प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकतो. मदतीसाठी एखादी मर्यादारेषा ठरवलेली असेल, तर तिच्या आसपासचे मूल केवळ या फरकामुळे बाहेर राहू शकते. शिवाय सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचे शब्द, चित्रे आणि वस्तू आजच्या मुलाला ओळखीच्या असतीलच असे नाही.

प्रमाणके नव्याने बसवणे हे पदव्युत्तर आणि पीएच.डी. संशोधनाचे नेमके काम. वेगवेगळ्या जिल्ह्यांतील, माध्यमांतील आणि सामाजिक स्तरांतील हजारो मुलांची चाचणी घ्यायची, विश्वसनीयता तपासायची, काही वर्षांनी पुन्हा तेच करायचे. त्यात प्रसिद्धी कमी आणि कष्ट फार. एका विद्यार्थ्याला ते झेपत नाही. अनेक विद्यापीठांनी मिळूनच ते करावे लागते.

मराठी माध्यमातील मुलांना याची झळ कशी बसते?

अध्ययन अक्षम मुलांना शालान्त परीक्षेत औपचारिक सवलती देणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. हा निर्णय १९९६ चा. पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले. त्याच्या प्रमाणपत्रासाठी केंद्राने २०१८ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत बुद्ध्यांकासाठी मालिन किंवा वेक्स्लर यांची चाचणी आणि निदानासाठी बेंगळूरुच्या ‘निम्हान्स’ने विकसित केलेला चाचणीसंच सांगितला होता. याचा अर्थ असा, की परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक मिळणार की नाही, हे एखाद्या जुन्या संशोधनाच्या दर्जावर ठरते.

त्यात भाषेचा प्रश्न वेगळाच. डिस्लेक्सियाविषयीचे जगातील बहुतेक संशोधन इंग्रजीवर झाले आहे. इंग्रजीत स्पेलिंग आणि उच्चार यांचे जुळत नाही, म्हणून तिथे मूल चुकीचे वाचते आणि पटकन लक्षात येते. मराठीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते बरेच सरळ आहे. पण बाराखडी, जोडाक्षरे, रफार, अनुस्वार मिळून चिन्हांची संख्या कितीतरी मोठी. त्यामुळे अडचण असलेले मूल बरोबर वाचू शकते, पण फार सावकाश वाचते. शिक्षकाला ते ‘हळू’ किंवा ‘आळशी’ वाटते. कन्नडमधील वाचनावर सोनाली नाग यांनी केलेल्या संशोधनात दिसले, की अशा लिपींतील सर्व अक्षरे आत्मसात करायला मुलांना प्राथमिक शाळेची बरीच वर्षे लागतात. मग दुसरीतील मुलाला अक्षमता आहे, की ते फक्त शिकण्याच्या वाटेवर आहे, हे कोणत्या निकषावर ठरवायचे? त्यासाठी त्या-त्या भाषेतील प्रमाणके लागतात.

या दिशेने एक भरीव काम झाले आहे. हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये ‘डाली’ हा डिस्लेक्सिया ओळखण्याचा संच हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आणला. पण राज्यात मराठीखेरीज अहिराणी, गोंडी, भिली, कोरकू बोलणारी मुले आहेत. त्यांची घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी. नंदुरबार किंवा मेळघाटातील मूल वाचनात मागे असेल, तर ती अक्षमता की अनोळखी भाषेचा परिणाम, हे सांगणारे साधन आज शाळेच्या हाती नाही.

शिक्षकांनाच समुपदेशक केले तर?

मनुष्यबळ नसले की प्रशासनाला सुचणारा पहिला उपाय हाच असतो. त्याचे उत्तरही संशोधनानेच दिले आहे. गोव्यात १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘संगत’ या संस्थेच्या संशोधकांनी बिहारमधील नालंदा जिल्ह्यातील ७४ माध्यमिक शाळांत ‘सेहेर’ हा प्रयोग केला. काही शाळांत मानसिक आरोग्याचा एकच कार्यक्रम शिक्षकांनी राबवला. काही शाळांत तोच कार्यक्रम खास नेमलेल्या, अल्प प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी राबवला. उरलेल्या शाळांत नेहमीचेच उपक्रम सुरू राहिले. निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. समुपदेशक असलेल्या शाळांतील वातावरण सुधारले, मुलांमधील नैराश्याची लक्षणे, दादागिरी आणि हिंसा कमी झाली. शिक्षकांनी राबवलेल्या कार्यक्रमाचा मात्र नेहमीच्या शाळांच्या तुलनेत फायदा दिसला नाही.

याचा अर्थ शिक्षक निकामी आहेत असा नाही. अध्यापन, पेपर तपासणी, निवडणूक आणि सर्वेक्षणाची कामे यांत अडकलेल्या शिक्षकावर आणखी एक जबाबदारी टाकून हे काम होत नाही, एवढेच त्यातून दिसते. दुसरी आशादायक बाब अशी, की प्रत्येक शाळेत उच्चपदवीधर नसला तरी चालू शकते. स्वतंत्र वेळ असलेली, नीट प्रशिक्षित आणि देखरेखीखाली काम करणारी व्यक्ती मात्र हवी. प्रशिक्षण आणि देखरेख करणारे तज्ज्ञ मात्र पुन्हा विद्यापीठांनीच घडवायचे आहेत.

प्रबंध तर पुष्कळ होतात, मग अडते कुठे?

‘शोधगंगा’ या राष्ट्रीय संग्रहावर शैक्षणिक मानसशास्त्राशी संबंधित प्रबंध मोठ्या संख्येने आहेत. शीर्षके चाळली तरी एक साचा दिसतो. माध्यमिक विद्यार्थ्यांची भावनिक बुद्धिमत्ता आणि शैक्षणिक संपादन यांचा सहसंबंध, मुलगे-मुली अशी तुलना, शहरी-ग्रामीण अशी तुलना. एकदाच प्रश्नावली भरून घ्यायची आणि आकडेमोड करायची. त्यातून काय कशाशी निगडित आहे ते कळते, पण काय केले असता मुलाला फायदा होतो ते कळत नाही. दोन-तीन वर्षे त्याच मुलांचा मागोवा घेणारे, किंवा एखादा उपाय करून त्याचा परिणाम मोजणारे काम तुलनेने थोडे.

दोष केवळ विद्यार्थ्यांचा नाही. मुलांवरील संशोधनासाठी शाळेची, पालकांची आणि नैतिकता समितीची परवानगी लागते आणि त्यात महिने जातात. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्तीसाठी संशोधकांना वेळोवेळी आंदोलने करावी लागली. पैसा आणि मुदत दोन्ही अनिश्चित असताना विद्यार्थी लवकर पूर्ण होणारा विषय घेतो, यात नवल नाही.

झालेल्या कामाचा ताळेबंदही मांडला जात नाही. एम. बी. बुच यांनी बडोद्याहून १९७४ मध्ये देशातील शैक्षणिक संशोधनाचे पहिले सर्वेक्षण प्रसिद्ध केले. कोणत्या विद्यापीठात कोणता प्रबंध झाला आणि त्यातून काय निघाले, ते एका जागी वाचायला मिळू लागले. एनसीईआरटीने ती परंपरा पुढे नेली आणि सहाव्या सर्वेक्षणात १९९३ ते २००० या काळातील संशोधन घेतले. आज प्रबंध संगणकावर सहज उघडतात. पण शंभर प्रबंध वाचून त्यांतील शाळेच्या उपयोगाचे चार निष्कर्ष मराठीत मुख्याध्यापकांपर्यंत नेणारी यंत्रणा नाही. एम.ए.चे लघुप्रबंध तर बहुधा विभागाच्या कपाटातच राहतात.

अमेरिकेतील अनुभव काय सांगतो?

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १८९६ मध्ये लाइटनर विटमर यांनी मानसशास्त्रीय चिकित्सालय सुरू केले. त्यांच्याकडे आलेला पहिला विद्यार्थी शब्द नीट लिहिता न येणारा मुलगा होता आणि त्याला त्याची शिक्षिका घेऊन आली होती. खरा विस्तार झाला तो १९७५ च्या कायद्यानंतर. दिव्यांग मुलांना सरकारी शाळेत योग्य शिक्षण देणे आणि त्यासाठी त्यांचे मूल्यमापन करणे त्या कायद्याने सक्तीचे केले. कायद्याने मागणी निर्माण झाली, विद्यापीठांनी अभ्यासक्रम उभे केले. आज तिथे या व्यवसायात येण्यासाठी पदवीनंतर साधारण तीन वर्षांचे शिक्षण आणि १,२०० तासांची प्रत्यक्ष उमेदवारी लागते.

तरीही ५०० विद्यार्थ्यांमागे एक या शिफारशीपासून अमेरिका दूर आहे. राष्ट्रीय सरासरी हजाराहून अधिक विद्यार्थ्यांमागे एक अशी आहे. टेक्सासमधील युव्हाल्डी येथील शाळेत २०२२ मध्ये झालेल्या गोळीबारानंतर तेथील काँग्रेसने शाळांतील मानसिक आरोग्यासाठी एक अब्ज डॉलर मंजूर केले. त्यातील काही निधी पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणासाठी होता. एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने ही अनुदाने पुढे न चालवण्याचा निर्णय घेतला आणि अनेक राज्ये न्यायालयात गेली. कायद्याने मागणी तयार करता येते, पण ती भागवायला प्रशिक्षणावर वर्षानुवर्षे खर्च करावा लागतो. तो थांबला की पाच वर्षांनंतरचे मनुष्यबळ आटते.

पुढे काय करता येईल?

न्यायालयाच्या आदेशाची कागदोपत्री पूर्तता करणे सोपे आहे. एखाद्या शिक्षकाचे दोन दिवसांचे प्रशिक्षण झाले, फलकावर नाव लागले की अहवालात खूण करता येते. ती पळवाट टाळायची, तर समुपदेशकाची किमान पात्रता आणि वेतन राज्याने स्पष्ट करायला हवे. पद तासिका तत्त्वावर किंवा अकरा महिन्यांच्या करारावर असेल, तर मुलाचा विश्वास बसेपर्यंत माणूस बदललेला असतो.

छोट्या शाळांसाठी केंद्र किंवा संकुल पातळीवर मानसशास्त्रज्ञ नेमता येतील. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळासंकुलांशी समुपदेशक आणि समाजकार्यकर्ते जोडण्याची कल्पना आहेच. विद्यापीठांनी मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्र विभागांचा संयुक्त अभ्यासक्रम सुरू केला आणि जवळच्या जिल्हा परिषद शाळांत उमेदवारी ठेवली, तर विद्यार्थ्याला प्रशिक्षण आणि शाळेला मदत असे दोन्ही साधेल. दहा विद्यार्थ्यांनी दहा सुटे विषय घेण्याऐवजी मराठी वाचनाच्या प्रमाणकांचे काम जिल्हे वाटून घेतले, तर तीन-चार वर्षांत राज्याच्या हाती स्वतःचे साधन येईल.

हे होईपर्यंत तातडीच्या मदतीसाठी ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही चोवीस तासांची मोफत वाहिनी आहे आणि ती मराठीतही उत्तर देते. पण संकटाच्या रात्रीचा फोन हा शेवटचा आधार झाला. अडखळत वाचणाऱ्या मुलाला तिसरीतच ओळखणारी व्यक्ती शाळेत असेल, तर त्यातील अनेक फोन करण्याची वेळच येणार नाही. त्या व्यक्तीच्या शिक्षणाचा निर्णय या वर्षी झाला, तरी ती शाळेत पोहोचायला चार-पाच वर्षे लागतील.